पाव टाकीवरचा काटा

त्या शनिवारी जीपमध्ये चाळीस माणसांचं जेवण होतं. मागे मटणाचं मोठं पातेलं, त्याचं झाकण सुतळीने बांधलेलं. दोन डब्यांत भाकरी, एका टोपात इंद्रायणीचा भात आणि माझ्या शेजारच्या सीटवर पट्ट्याने आवळलेली सोलकढीची बरणी. तुंगार्लीच्या एका बंगल्यावर मुंबईची पाहुणेमंडळी उतरली होती आणि दीड वाजता त्यांना जेवायला बसायचं होतं. मी मळवलीहून साडेबाराला निघाले. जुन्या हायवेवर, शनिवारच्या तुंबलेल्या रांगेत, जीपने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

मी आधी डिझेलच्या काट्याकडे पाहिलं. काटा पाव टाकीवर होता. म्हणजे डिझेल आहे, दुसरंच काहीतरी बिघडलंय, असं धरून मी बॉनेट उघडलं आणि उन्हात उभी राहिले. मागचे हॉर्न वाजवत होते. एक जण काच खाली करून म्हणाला, "मॅडम, चालवता येत नाही तर काढता कशाला?" तासाभराने एक टेम्पोवाला थांबला. त्याने टाकीचं झाकण काढलं, जीप दोन्ही हातांनी हलवली, कान दिला आणि म्हणाला, "ताई, टाकी कोरडी आहे." त्याच्या कॅनमधलं डिझेल ओतलं तरी जीप सुरू होईना. डिझेलची जुनी गाडी एकदा कोरडी पडली की पाइपांत हवा शिरते आणि ती हातपंप मारून मारून बाहेर काढावी लागते. ते करणारा मेकॅनिक कामशेतहून यायला आणखी वेळ गेला. मी बंगल्यावर पोचले तेव्हा साडेचार वाजले होते. पाहुण्यांनी बाहेरून काहीतरी मागवून खाल्लं होतं. बंगला सांभाळणाऱ्या माणसाने मला पातेलं खाली उतरवूही दिलं नाही.

घरी आले तेव्हा अंगणात मोठे दीर त्यांच्या दोन मित्रांबरोबर बसले होते. जीप त्यांचीच. आमच्या लग्नाआधीपासूनची ती पेट्रोलची जीप त्यांनी पूर्ण खोलून पुन्हा बांधली होती. दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवलं, रुंद चाकं घातली, ड्रायव्हरच्या सीटखाली वेल्डरकडून मोठी टाकी बनवून घेतली, भंगारातून मीटर आणले. रविवारी तशाच जीपवाल्यांचा त्यांचा एक घोळका जमायचा. आठवड्यात ती नुसती उभी असायची, म्हणून माझ्या जेवणाच्या ऑर्डरींना वापरायची परवानगी त्यांनी दिली होती. तीन वर्षं मी ती चालवत होते. डिझेल तेच भरून ठेवायचे, मला फक्त काटा बघत जा म्हणाले होते.

"डिझेल संपलं होतं," मी सांगितलं. "पण भाऊजी, काटा पाव टाकीवर होता. अजूनही तिथंच आहे."

"आता कॅनचं डिझेल पडलंय म्हणून पाव दाखवतोय," ते म्हणाले. "तवा कुठला काटा बघत होतीस? घड्याळाचा?"

मित्र हसले. शेजारच्या ओट्यावरच्या बायकाही हसल्या. माझा नवरा तळेगावच्या कारखान्यातून नुकताच आला होता, तो चपला काढत राहिला. सासूबाई तांदूळ पाखडत होत्या, त्यांचं सूप थांबलं नाही. जाऊबाईंनी माझ्या हातात चहा दिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "होतं असं कधीकधी."

"माझीच चूक," दीर मित्रांना म्हणाले. "बाईमाणसाच्या हातात गाडी दिली." त्यांनी माझ्यासमोर हात पसरला. मी चावी दिली. त्यांनी ती शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशावर दोनदा थोपटलं.

ते थोपटणं मी विसरले नाही.

मळवलीपासून खंडाळ्यापर्यंत बंगले सांभाळणारी माणसं एकमेकांना ओळखतात. महिन्याभरात माझे तीन बंगले सुटले. "ताई, तुमचं जेवण चांगलं, पण वेळेचं काय?" उरलेल्या ऑर्डरी मी रिक्षातून पोचवू लागले, दर वळणावर पातेल्यातलं कालवण माझ्या साडीवर. त्याहून वाईट ते हसणं. लग्नात, बारशात, किराणाच्या दुकानात कुणीतरी म्हणायचंच, "काय वैनी, काटा बघितला का?" दीर हे ऐकून मान डोलवायचे. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सोड ना. भाऊ बोलतो, मनात काही नसतं त्याच्या."

माझ्या मनात मात्र होतं. भाकरी थापताना मी दिरांना रस्त्यावर उभं बघायचे. उन्हात, बॉनेट उघडं, मागे गाड्यांची रांग, आणि कुणीतरी काच खाली करतंय. ते चित्र मी रोज थोडं थोडं पुरं करत होते. एकदा त्यात पाऊसही घातला, मग काढून टाकला. ऊन बरं होतं.

दोन महिन्यांनी पवनेकडच्या एका लग्नाला आम्ही सगळे जीपमधून गेलो. मी मागे बसले होते आणि दोन सीटांच्या फटीतून मला काटा दिसत होता. जाताना तो अर्ध्यावर होता. मग उतरत उतरत पावावर आला आणि तिथंच थांबला. येतानाही पावावरच. चढ आला, खड्डे आले, काटा हलला नाही. आणि मग दिरांनी कुणाला काही न बोलता जीप पंपावर वळवली.

काटा पावावर, घर जेमतेम सहा किलोमीटर, आणि हा माणूस पंपावर का वळला? त्या रात्री मी तो प्रश्न घेऊन झोपले आणि सकाळी आबांकडे गेले.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे रेल्वेतले सोबती. वडील आणि ते दोघं खंडाळ्याच्या बाजूला सिग्नलच्या कामावर होते. रिटायर झाल्यावर ते मळवलीत, स्टेशनपलीकडे घर बांधून राहिले. पंखे, मोटारी, ट्रॅक्टरचे दिवे, सगळं दुरुस्त करायचे. मी सगळी हकिकत सांगितली. ते ऐकून घेत चष्मा पुसत राहिले.

"काटा खोटं बोलतोय हे नक्की," ते म्हणाले. "पण का बोलतोय ते शोदाया पायजे. येक तर काटा बिगाडलाय, न्हाईतर तार, न्हाईतर टाकीतला फ्लोट. तिगांतला चोर कोन ते बगू. गाडी कवा मोकळी घावंल?"

दीर आणि जाऊबाई पुढच्या आठवड्यात दोन दिवस मुळशीला, जाऊबाईंच्या माहेरी जाणार होते, एसटीने. पण चावी दिरांच्या खिशात जाणार. मी स्वयंपाकघरात हे मनाशीच पुटपुटले असेन. ज्या दिवशी ते दोघं गेले, त्या दिवशी सासूबाई आल्या आणि त्यांनी ओट्यावर दुसरी चावी ठेवली. तांदळाच्या डब्यातली असावी, दात्यांत कोंडा अडकला होता.

"कर काय करायचं ते," त्या म्हणाल्या. "मला इच्यारू नगंस."

आबा स्कूटरवर आले, खुर्ची मागितली आणि जीपच्या दाराशी बसले. "हात तुझे. मी निस्तं सांगनार."

सीट काढली. खाली टाकी, टाकीवर थाळीसारखी गोल पत्र्याची चकती, पाच स्क्रू आणि मधून निघालेली एक तार. आबांनी चावी फिरवून ठेवायला सांगितलं. काटा पावावर चढला. "आता तार काड." काढली. काटा धाडकन शून्यावर पडला. "आता तीच तार जरा गाडीच्या पत्र्याला टेकव. लय येळ न्हाई." टेकवली, आणि काटा सरसर फुल्लवर गेला.

"म्हंजी काटाबी शाना, तारबी शानी," आबा म्हणाले. "चोर टाकीत हाय."

चावी बंद करून मी स्क्रू काढले. एक गंजलेला होता, त्याने माझ्या बोटाचं कातडं नेलं. चकती उचलली तशी तिच्याबरोबर पातळ दांडा वर आला, दांड्याच्या टोकाला पोकळ गोळा. हाच फ्लोट. डिझेलवर तो तरंगतो, डिझेल उतरलं की खाली जातो आणि त्याच्या दांड्यावरून काट्याला कळतं टाकीत किती आहे. बाहेरच्या बाहेर तार जोडून मी चकती पत्र्याला टेकवली, चावी फिरवली आणि गोळा हाताने वर-खाली केला. वर केला, काटा फुल्ल. खाली केला, काटा पार शून्य. कुठे अडखळणं नाही.

"हा पन शाना," आबा म्हणाले, आणि प्रथमच खुर्चीवरून उठले. "बॅटरी मार आत."

टॉर्चच्या उजेडात टाकीचा तळ दिसला. आणि एक उभा पाइप, इंजिनाला डिझेल ओढून नेणारा. वेल्डरने तो फ्लोटच्या अगदी अंगाला बसवला होता. पाइपावर एका जागी रंग घासून आडवी चकचकीत रेघ उमटली होती. मी चकती परत बसवली, स्क्रूच्या एका भोकातून दुसरी जाड तार घालून दांडा खाली ढकलला आणि मला बोटांत जाणवलं: खट. दांडा पाइपाला अडकला. त्याच्या खाली तो जाऊच शकत नव्हता. टाकीत पाव भाग डिझेल असो की थेंब नसो, काटा पावच दाखवणार.

मी जमिनीवर बसले. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

"घावला," आबा म्हणाले. "आता समद्यांना बोलाव आन दाव."

तेवढ्यात माझं लक्ष सीटच्या मागे, दारालगतच्या खोबणीत गेलं. तिथे बांबूची एक पट्टी होती, हातभर लांब, घासून गुळगुळीत केलेली. तिच्यावर सुरीने खाचा पाडलेल्या. पहिल्या खाचेपुढे खडूने पाव लिहिलेलं, मग अर्धी, मग पाऊण. मी ती नाकाशी नेली. डिझेल.

आबांनी ती हातात घेतली, टाकीच्या तोंडातून आत सोडली, बाहेर काढून ओल पाहिली.  मग म्हणाले, "ठावं होतं त्याला."

सासूबाई अंगणातून सगळं बघत होत्या. त्यांनी पट्टी पाहिली, पदराने तोंड पुसलं आणि आत गेल्या.

म्हणजे त्या संध्याकाळी अंगणात मित्रांसमोर मला घड्याळाचा काटा विचारताना या माणसाला माहीत होतं. स्वतः काठीने मोजत होता आणि मला काट्यावर सोडलं होतं. सुरुवातीला विसरला असेल सांगायला, तेवढं मी मानते. पण मी उन्हातून, हातात आंबलेलं जेवण घेऊन परत आले तेव्हा तर आठवलं असेल? तेव्हा त्याला आपली जीप सांभाळायची होती. माझी अब्रू कुणाची नव्हती.

"बोलावतेस न्हवं समद्यांना?" आबांनी पुन्हा विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "ते म्हणतील मीच उघडून बिघडवलं."

हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. मला ते रस्त्यावर उभे हवे होते.

मी सगळं होतं तसं बसवलं. पाचही स्क्रू, सीट, तार. आबा गेले. मग मी करवतीचं पातं आणलं आणि त्या पट्टीचं खालचं टोक दोन बोटं कापलं. वरून नाही, खालून. तळाशी टेकवली की आता प्रत्येक खाच दोन बोटं खाली बसणार, ओल वरच्या खाचेला लागणार, आणि काठी असलेल्यापेक्षा जास्त डिझेल सांगणार. काट्यासारखीच. कापलेलं टोक पांढरं दिसत होतं, ते दगडावर घासलं, डिझेल आणि माती चोळली. तुकडा चुलीत घातला. मग पट्टी होती तशी परत खोबणीत ठेवली. 

मग मी वाट पाहिली. चार आठवडे. दीर टाकी भरून ठेवत तोवर काही होणार नव्हतं, हे मला कळत होतं. मी त्यांना वेळेवर चहा दिला. "वैनी, काटा बघितला का?" ला हसले.

पाचव्या रविवारी त्यांच्या घोळक्याने तुंगार्लीच्या तलावाच्या वर, डोंगरातल्या कच्च्या वाटेने जीपा चढवायचं ठरवलं. मित्र बायकांना आणणार होते, म्हणून जाऊबाईही नवी साडी नेसून पुढे बसल्या. निघण्याआधी दीर जीपच्या आडोशाला वाकले, मग सरळ झाले. मी ओट्यावर भांडी घासत होते. मान वर केली नाही.

दुपारी तीनला जीप परत आली. दोराने बांधून, मित्राच्या जीपच्या मागे. दीर आत स्टिअरिंग धरून बसले होते, मानेपर्यंत लाल. मागे आणखी दोन जीपा, भोंगे वाजवत, हसत. मला वाटलं होतं त्याहून कितीतरी चांगलं दृश्य होतं. मी चहाचं आधण ठेवलं.

मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा दीर जीपमधून पट्टी ओढून काढत होते. ती त्यांनी वितीने मोजली, पुन्हा मोजली, आणि अंगणाच्या मध्यात येऊन ओरडले, "ही काठी कुणी कापली?"

 सासूबाई शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"कसली काठी रं?"

"डिझेल मोजायची!"

"डिझेल मोजाया काठी?" सासूबाईंचा चेहरा अगदी लहान मुलासारखा. "काटा हाय न्हवं गाडीला?"

दिरांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

"काटा चालत नाही तुझा?" एका मित्राने विचारलं. हा तोच, त्या दिवशी सर्वांत आधी हसलेला. "कधीपासून?"

"तूच कापलीस," दीर माझ्याकडे वळून म्हणाले.

"मला काय माहीत तुमच्याकडे काठी आहे?" मी म्हटलं. "मला तर तुम्ही काटा बघायला सांगितलं होतं, भाऊजी."

शेजारच्या ओट्यावर कुणीतरी हसलं. मग मित्रांतला एक. मग ते हसणं अंगणभर झालं. सासूबाई शेंगांकडे बघत, कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "म्हंजी त्या दिशी सूनबाय खोटं बोलत नव्हती."

मी ट्रे ओट्यावर ठेवला आणि हात पसरला. दीर माझ्या तळव्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून चावी काढून त्यावर टाकली आणि आत गेले. नवरा माझ्याकडे असा पाहत होता, जणू मी दुसऱ्याच घरातून आले होते. त्याला मी पहिला कप दिला.

तीन दिवस मी हवेत होते. कणीक मळताना ते उघडं तोंड आठवायचं आणि मला एकटीलाच हसू फुटायचं.

चौथ्या दिवशी जाऊबाई परसात कपडे वाळत घालत होत्या. डाव्या कोपरापासून मनगटापर्यंत त्यांना खरचटलं होतं. पडल्या असतील, एवढंच मी धरलं होतं. विचारलं नव्हतं.

"तूच कापलीस न्हवं?" त्या म्हणाल्या.

मी बादलीतला टॉवेल पिळायला घेतला.

"चढावर इंजान बंद पडलं. बिरेक दगडावानी झाला, दाबंचना. गाडी मागं सरकाया लागली. खाली तळं दिसत होतं मला. मी दार उघडून उडी टाकाया गेले आन हात आसा घासला. मागचं चाक येका धोंड्याला अडलं म्हून ऱ्हायलो." त्यांनी चादर झटकली. "मला सांगायचं तरी. मी बसलेच नसते."

इंजिन बंद पडलं की ब्रेक जड होतात, हे मला ठाऊक होतं. जुन्या हायवेवर माझंही तसंच झालं होतं, सपाट रस्त्यावर. चार आठवडे मी ते चित्र पुरं करत होते, पण त्यात चढ घातला नव्हता, आणि शेजारच्या सीटवर कुणाला बसवलं नव्हतं.  मी चादरीचं दुसरं टोक धरलं, कारण काहीतरी धरायला हवं होतं.

"काठी मीच तासून दिली होती त्यांना," त्या पुढे म्हणाल्या. "परसातल्या बांबूची."

 म्हणजे यांनाही माहीत होतं. होतं असं कधीकधी, म्हणत माझ्या हातात चहा देताना माहीत होतं. मी चादर सोडली.

"मग तुम्ही तरी सांगायचं होतं," मी म्हटलं.

  माफी त्यांनी मागितली नाही आणि मीही मागितली नाही. त्यांच्या हाताला रोज हळद लावत होते त्या आठवड्यात, एवढंच.

आबांनी आणि मी पुन्हा सीट काढली, टाकी रिकामी करून वेल्डरकडे नेली, पाइप चार बोटं बाजूला घेतला. आता काटा शून्यावर येतो. एक हंगाम मी ती जीप चालवली, मग स्वतःची सेकंडहँड व्हॅन घेतली. दोन बंगले परत आले, तुंगार्लीचा आला नाही. दिरांनी त्या विषयावर आजवर एक शब्द काढलेला नाही. कामापुरतं बोलतात, मीही कामापुरतं. लोक म्हणतात, झालं गेलं सोडून द्यावं. मी सोडलेलं नाही. ते अंगण, ते उघडं तोंड मी जपून ठेवलं आहे, आणि ज्या दिवशी मन खट्टू असतं त्या दिवशी काढून बघते.

शनिवार-रविवारी जाऊबाई माझ्याबरोबर भाकरी करायला येतात, कधी पोचवायलाही. शेजारच्या सीटवर बसतात. खंडाळ्याच्या बाजूला एका बंगल्याकडे जाताना अवघड चढ लागतो. तिथे त्या काही न बोलता खिडकीवरचं हँडल धरतात आणि मी, त्यांच्याकडे न बघता, पहिला गिअर टाकते.